मदत हवी आहे: उजनीत बुडालेल्या पळसदेवचा जुना गावठाण नकाशा

नमस्कार मंडळी. इंदापूर तालुक्यातलं जुनं पळसदेव उजनी धरणात गेलं (धरण १९८० साली पूर्ण झालं), नवं गाव पुणे-सोलापूर रस्त्यालगत वसलं. पाणी ओसरलं की पळसनाथाचं दगडी देऊळ आणि घरांची जोती उघडी पडतात. पण कुठलं जोतं कुणाचं, हे सांगणारे म्हातारे मोजकेच उरलेत, म्हणून घाई.

१९६१ च्या जनगणनेचं जिल्हा पुस्तक पाहिलं. त्यात लोकसंख्या आहे, घरांची मांडणी नाही. ऑनलाइन सातबाऱ्याचा इथे उपयोग नाही. एका कार्यालयात "जुनं दप्तर सापडत नाही" एवढंच उत्तर मिळालं. मोडी वाचता येते, पुण्याला खेपा घालायची तयारी आहे.

भूसंपादनाच्या निवाड्यांसोबतचे घरवार नकाशे नेमके कुठे मागायचे: भूमी अभिलेख, पुनर्वसन शाखा की पुराभिलेखागार? आणि अर्जात कोणत्या कागदाचं नाव लिहायचं?