मदत हवी आहे: आंतरतारकीय यानाला मुक्कामी थांबवायचे कसे?

मानवी आंतरतारकीय प्रवासाविषयी वाचताना वेग कसा गाठायचा याचीच चर्चा बहुतेक ठिकाणी आढळते; गाठलेला वेग शेवटी शून्यावर कसा आणायचा, हा प्रश्न मात्र एखाद्या वाक्यात उरकला जातो. माझी अडचण नेमकी तिथे आहे.

नरतुरंग तारकासमूहातील प्रॉक्झिमा हा सूर्याला सर्वांत जवळचा तारा ४.२४ प्रकाशवर्षे दूर आहे. व्हॉयेजर-१ या अवकाशयानाच्या वेगाने तिथे पोहोचायला सुमारे ७५ हजार वर्षे लागतील, म्हणून मी प्रकाशाच्या वेगाचा दहावा भाग, म्हणजे सेकंदाला ३०,००० किलोमीटर, हा वेग गृहीत धरला. (४२ वर्षांच्या बंदिस्त प्रवासात माणसांचे काय होईल, हा वेगळ्या धाग्याचा विषय आहे.) संलयन इंजिनातून (हलकी अणुकेंद्रके एकत्र करून ऊर्जा मिळवणाऱ्या) बाहेर पडणाऱ्या द्रव्याचा वेग सेकंदाला १०,००० किलोमीटर मानला, तर वेग आणि इंधनाचा संबंध सांगणाऱ्या त्सिओल्कोव्हस्कीच्या रॉकेट समीकरणानुसार निघतानाचे वस्तुमान इंधन संपल्यानंतरच्या वस्तुमानाच्या २० पट असावे लागते. थांबायचेही असेल तर हे गुणोत्तर दुप्पट होत नाही, त्याचा वर्ग होतो, म्हणजे सुमारे ४०० पट. कारण थांबण्यासाठीचे इंधनही आधी त्याच वेगापर्यंत न्यावे लागते. ब्रिटिश इंटरप्लॅनेटरी सोसायटीच्या १९७० च्या दशकातील डिडॅलस या आंतरतारकीय यानाच्या आराखड्यात ५४,००० टनांपैकी ५०,००० टन इंधनच होते, आणि तरीही ते यान बर्नार्डच्या ताऱ्याजवळून न थांबता पुढे निघून जाणार होते. निर्मनुष्य यानाला ते चालते. प्रवासी असलेल्या यानाला चालणार नाही.

यावर चुंबकीय शिडाचा उपाय सुचवला जातो: अतिसंवाहक (विजेला रोध न करणाऱ्या) तारेच्या प्रचंड कड्यातून विद्युतप्रवाह खेळवून चुंबकीय क्षेत्र उभे करायचे आणि समोरून येणाऱ्या आयनीभूत, म्हणजे विद्युतभारित, वायूच्या रोधाने वेग घटवायचा. कल्पना मला पटते, पण सूर्याच्या परिसरातील आंतरतारकीय माध्यमात घन सेंटिमीटरमागे सरासरी एक अणूही भरत नाही, त्यातले बरेचसे अणू विद्युतभाररहित असतात, आणि वेग उतरतो तसा रोधही उतरतो.

जाणकारांना विनंती की, हजार टनांच्या यानासाठी असे कडे किती मोठे लागेल आणि वेग उतरायला किती वर्षे जातील, याचे ढोबळ गणित कसे मांडावे ते सांगावे. उरलेला वेग ताऱ्याच्या प्रकाशाच्या दाबाने उतरवता येईल का, हेही विचारायचे आहे. प्रॉक्झिमाची तेजस्विता सूर्याच्या एक टक्क्याहूनही पुष्कळ कमी असल्याने, आधी शेजारच्या, अधिक तेजस्वी मित्र (अल्फा सेंटॉरी) या ताऱ्याजवळून जाऊन तिथे वेग कमी करणे अधिक व्यवहार्य ठरेल का?