मदत हवी आहे: कायओएसवर ॲप उघडलं की नुसता पांढरा पडदा

अर्धाकंस: कायओएसच्या बटणवाल्या फोनसाठी साधं हवामानाचं ॲप केलंय, कॉम्प्युटरच्या ब्राउझरमध्ये मक्खन चालतं. फोनवर टाकलं की पांढरा पडदा, बाकी काही नाही. मॅनिफेस्ट (ॲपच्या माहितीची फाइल) बरोबर आहे. उद्या दाखवायचंय, लवकर सांगा कोणीतरी.

रात्रपाळी: कायओएस कुठलं? २.५ की ३? एरर काय येतेय?

जुनाजाणता: कशाला त्या फंदात पडता! कायओएस ज्यातून निघालं त्या फायरफॉक्स ओएसचे फोन मोझिलाने २०१५च्या डिसेंबरात बंद करायचं ठरवलं तेव्हाच समजायला हवं होतं. सरळ अँड्रॉइडवर करा.

अर्धाकंस: फोन बदलायचा नाहीये हो. एरर काही दिसत नाही. पहिल्याच ओळीत अलर्ट टाकलाय, तोसुद्धा येत नाही.

खटपट्या: सॉफ्टलेफ्ट आणि सॉफ्टराइट, म्हणजे पडद्याखालच्या डाव्या-उजव्या बटणांचे कीडाउन (बटण दाबल्याची खूण) पकडलेत का? टचस्क्रीन नसते, फोकस पण स्वतःच हलवावा लागतो.

रात्रपाळी: अहो पडदाच पांढरा आहे, फोकस कशावर हलवणार? @अर्धाकंस, व्हर्जन सांगा. आणि कोडमध्ये असिंक-अवेट (उत्तर येईपर्यंत थांबायचं जावास्क्रिप्टमधलं नवं लिखाण) आहे का?

अर्धाकंस: २.५.२. हो, आहे की, सगळीकडे आहे.

रात्रपाळी: मग तेच. २.५ मध्ये गेको ४८ आहे, म्हणजे फायरफॉक्स ४८चं इंजिन, आणि असिंक-अवेट आलं फायरफॉक्स ५२ ला. फाइल वाचतानाच इंजिन अडकतं, म्हणून तुमचा पहिल्या ओळीतला अलर्टही चालत नाही.

खटपट्या: पॉलिफिल टाका, ब्राउझरमध्ये नसलेली फंक्शन्स भरून देतं, झालं काम.

रात्रपाळी: पॉलिफिलने सिंटॅक्स कसा दुरुस्त होईल?? बेबलमधून काढा, ते नवं जावास्क्रिप्ट जुन्यात बदलून देतं. असिंक-टू-जनरेटर एवढा एकच प्लगइन लावा, जनरेटर (मध्येच थांबू शकणारी फंक्शन्स) त्या इंजिनला कळतात.

तिरकीओळ: एवढ्याशा ॲपला बेबल कशाला, प्रॉमिस (नंतर येणाऱ्या उत्तराची सोय) आहेतच, उत्तर आल्यावर काय करायचं ते हाताने देन लावून लिहायचं. २५६ एमबी रॅमच्या फोनवर प्रत्येक केबी मोजायची सवय लागली की आपोआप कळतं.

रात्रपाळी: बेबल कॉम्प्युटरवर चालतं, फोनच्या रॅमचा काय संबंध.

तिरकीओळ: त्यातून बाहेर पडणारा कोड फोनवरच जातो ना साहेब.

जुनाजाणता: पाम प्री या फोनवर २००९ साली वेबओएस होतं, तेही एचटीएमएल-जावास्क्रिप्टवरच. आता एलजीच्या टीव्हीत जाऊन बसलंय.

अर्धाकंस: देन लावून पाहिलं, आलं एकदाचं! पण सगळे डबे एकाखाली एक लागलेत, कॉम्प्युटरवर शेजारी शेजारी दिसतात.

रात्रपाळी: मांडणीसाठी सीएसएस ग्रिड वापरलंय ना? तेही ५२ पासूनच. फ्लेक्सबॉक्स घ्या. आणि २४० बाय ३२० च्या पडद्यावर शेजारी किती डबे बसवणार आहात?

अर्धाकंस: तीन.

तिरकीओळ: दोन करा.

सहजच: माझ्या टीव्हीत ते वेबओएस आहे. ॲपची हीच झिप त्यावर टाकली तर चालेल का?

रात्रपाळी: नाही, तिथे आयपीके पॅकेज लागतं, मॅनिफेस्टही वेगळं. नवीन धागा काढा.