उत्तर: उत्तर: आन्तिग्वा (ग्वातेमाला), मार्चची सहल, ज्येष्ठांसह

प्रेषक: सहल समिती

नमस्कार मंडळी,

मुलांच्या स्प्रिंग ब्रेकच्या सुट्टीत पाच दिवस मध्य अमेरिकेतल्या ग्वातेमाला देशातलं आन्तिग्वा शहर ठरतंय. एकूण सोळा जण: सहा ज्येष्ठ, चार मुलं, बाकी आपण. ज्येष्ठांपैकी तिघांचा भारतीय पासपोर्ट आणि अमेरिकेचा बी-टू (पर्यटक) व्हिसा आहे. पाच जण पक्के शाकाहारी. दोघांना आकातेनांगो ज्वालामुखी चढायचाच आहे. कुठे राहावं, कधी काय बघावं, काय सरळ सोडून द्यावं? माहीतगारांनी लिहावं.

प्रेषक: रा. वि.

आधी तिकिटं. शोधताना नुसतं 'आन्तिग्वा' टाकलं की कॅरिबियनमधलं बेट पुढे येतं. आपल्याला हवा तो ग्वातेमाला सिटीचा ला आउरोरा विमानतळ, कोड जीयूए. तिथून आन्तिग्वा चाळीसेक किलोमीटर. पहाटे तासाभरात पोचता, पण संध्याकाळी ऑफिसं सुटल्यावर तेवढ्यालाच दोन-अडीच तास जातात. त्यामुळे दुपारपर्यंत उतरणारं विमान घ्या आणि सोळा जणांना मिळून एक मायक्रोबस आधीच ठरवा.

आता रविवारचं बघा. मार्चमध्ये ख्रिस्ती लोकांचा लेंट, म्हणजे ईस्टरआधीचा उपवासाचा काळ, चालू असतो आणि त्यातल्या रविवारी आन्तिग्वात मोठ्या मिरवणुका निघतात. सांता आना, सान बार्तोलो अशा आसपासच्या वस्त्यांच्या चर्चमधून निघून शहरभर फिरून रात्री उशिरा परततात. त्या दिवशी रस्ते बंद असतात, गाडी हॉटेलच्या दारापर्यंत येत नाही, आणि दगडी फरसबंदीवर बॅगांची चाकं टिकत नाहीत. म्हणून शनिवारी पोचा. ईस्टरच्या आठवड्यात जायचा मोह टाळा, तेव्हा खोल्या काही महिने आधीच संपतात आणि भावही भलतेच चढतात. लेंटच्या रविवारी तेच सगळं निम्म्या गर्दीत दिसतं.

रविवारी बघायची गोष्ट म्हणजे आल्फोंब्रा, रंगीत लाकडी भुशाचे गालिचे. आपल्या रांगोळीशी नातं सांगणारे, पण काम वेगळं. आधी फरसबंदीच्या फटी वाळूने किंवा बिनरंगी भुशाने भरून सपाटी करतात. त्यावर रंगवलेला भुसा चाळणीतून, साच्यांमधून गाळत थर देतात. मधल्या भागात काम करायला दोन्ही बाजूंना टेकू लावून आडवी फळी टाकतात आणि तिच्यावर गुडघे टेकून वाकतात. सारखा पाण्याचा बारीक फवारा चालू असतो: कमी पडला तर वाऱ्याने भुसा उडतो, जास्त झाला तर एक रंग दुसऱ्यात उतरतो. मिरवणुकीआधी दोन-तीन तास त्या मार्गावर चाला, तेव्हा शेवटचा हात फिरत असतो. मग जांभळ्या झग्यातले लोक भला मोठा लाकडी देव्हारा खांद्यावर घेऊन त्याच गालिच्यावरून जातात. खांदेकरी चौकाचौकात बदलतात. मागे बँड, त्याच्यामागे झाडूवाले आणि कचऱ्याची गाडी. पाच मिनिटांत रस्ता मोकळा!

पत्ते वाचायला सोपे आहेत. आवेनिदा नावाचे रस्ते उत्तर-दक्षिण, काये नावाचे पूर्व-पश्चिम, आणि नोर्ते, सूर, ओरिएन्ते, पोनिएन्ते (उत्तर, दक्षिण, पूर्व, पश्चिम) हे सगळं पार्के सेंत्राल या मधल्या चौकापासून मोजायचं. एवढं कळलं की फोन खिशात राहिला तरी चालतं. शिवाय दक्षिणेला आग्वा ज्वालामुखीचा सरळ सुळका दिसतो, तो दिसला की दिशा कळली.

ज्येष्ठांना चौकापासून तीन-चार गल्ल्यांच्या आत आणि तळमजल्यावरच्या खोल्या घ्या. फुटपाथ अरुंद आणि उंच आहेत, आणि जुन्या घरांच्या खिडक्यांच्या लोखंडी जाळ्या भिंतीच्या बाहेर आलेल्या असतात, नेमक्या खांद्या-डोक्याच्या उंचीला. खाली दगड बघत चालणारा माणूस वर जाळीवर आपटतो. जाड तळव्याचे बूट आणि रात्रीला छोटी बॅटरी एवढं पुरे. शहरात फिरायला टुकटुक मिळते, भाडं बसण्याआधी ठरवायचं.

शहर समजून घ्यायचं तर पडझडीपासून सुरुवात करा. स्पॅनिशांची आधीची राजधानी जवळच, आजच्या सिउदाद व्हिएहाच्या परिसरात होती. १५४१ मध्ये आग्वाच्या उतारावरून चिखल-दगडांचा लोंढा आला आणि ती गेली. १५४३ मध्ये पान्चोय खोऱ्यात हे शहर वसवलं. १७१७ ला मोठा भूकंप, मग २९ जुलै १७७३ चा सांता मार्ता भूकंप, आणि १७७६ मध्ये राजधानी आजच्या ग्वातेमाला सिटीला हलवली. राजधानी गेली म्हणून पाडून नवं बांधायला पैसा आणि घाई कुणाला राहिली नाही, म्हणूनच हे सगळं उरलं. १९७९ पासून युनेस्कोच्या यादीत आहे.

एकच पडकी वास्तू बघणार असाल तर ला रेकोलेक्सिओन. चर्चच्या छताचे खोलीएवढे तुकडे पडले तसे जमिनीवर आहेत. जवळ जाऊन बघा, विटा आणि चुना इतके एकजीव झालेत की तुकडा फुटला नाही, अख्खाच खाली आला. नंतर पिवळं ला मेर्सेद चर्च बघा, म्हणजे भूकंपातून शिकलेलं बांधकाम कसं असतं ते कळतं: भिंती जाड, मनोरे बुटके, खांब ठेंगणे. कापुचिनास मठात नन्सच्या अठरा खोल्या गोलाकार बांधल्यात, तिथे मुलं रमतात. कॅथेड्रलचा पुढचा भाग चालू चर्च आहे. मागचे छत नसलेले अवशेष वेगळ्या तिकिटावर, बाजूच्या दाराने. सांता कातालिनाची कमान फोटोत सगळ्यांनी पाहिलेलीच असते. कमानीतून आग्वा हवा असेल तर सकाळी सातच्या आत उभे राहा. दहानंतर डोंगरमाथ्यावर ढग जमायला लागतात, आणि मार्चमध्ये शेतं जाळल्याचा धूरही हवेत असतो. सेरो दे ला क्रूस टेकडीचंही तेच, तिथे सकाळी आणि दिवसाउजेडीच जा.

प्रेषक: अ. पा.

डोंगराचं मी लिहितो. शहराची उंची साधारण १,५३० मीटर, म्हणजे कळसूबाईच्या माथ्यापेक्षा शंभरेक मीटरनेच कमी. आकातेनांगोची वाट ला सोलेदाद गावाजवळ सुमारे २,४०० मीटरवर सुरू होते, मुक्काम ३,६०० च्या आसपास, माथा ३,९७६. सह्याद्रीत वर्षानुवर्षं फिरलेल्यांची इथे एक चूक ठरलेली: दम पुरेल या हिशेबाने येतात. पण आपला कातळ पायाखाली घट्ट असतो. इथे सैल राख आणि खडी आहे, दोन पावलं वर टाकली की एक खाली येतं. मुक्कामापर्यंत चार ते सहा तास, पहाटे माथ्यासाठी आणखी दीड. उतरताना तीच राख गुडघ्यांचा जीव काढते. काठी भाड्याने मिळते, दोन घ्या.

शहरात निदान दोन रात्री काढून मगच चढा, म्हणजे शनिवारी पोचलात तर सोमवारी. वर पाणी नाही, माणशी चार लिटर न्यायचं. त्यातलं जेवणाचं पाणी बहुतेक आयोजक आपल्याकडूनच घेतात, ते आधी विचारून ठेवा. ओझं जड वाटलं तर हमाल मिळतो.

थंडी गमतीची नाही. जानेवारी २०१७ मध्ये याच डोंगरावर सहा जण गारठून दगावले. चढताना घाम येतो, सुती बनियन भिजतं, मुक्कामी वारा लागतो आणि अंग गार पडायला लागतं. म्हणून अंगाला सुती काही नको. मुक्कामी पोचल्या पोचल्या, थंडी वाजायच्या आधी, कोरडे कपडे बदला. हातमोजे, कानटोपी, हेडटॉर्च. कॉन्टॅक्ट लेन्स नको, राख डोळ्यात जाते. फोन रात्री झोपण्याच्या पिशवीत ठेवा, नाहीतर पहाटे बॅटरी उतरलेली असते.

समोरच्या फुएगो या जागत्या ज्वालामुखीचा खेळ बघायलाच सगळे जातात, पण तो तिकिटावर चालत नाही. कधी दर पंधरा-वीस मिनिटांनी उडतो, कधी आठवडेच्या आठवडे गप्प. आयोजक रात्री फुएगोच्या कण्यावर जायची जादा फेरी विकतात. ती नको. ३ जून २०१८ ला त्याच डोंगरावरून तापलेल्या राखेचा लोट उतरून सान मिगेल लोस लोतेस हे गाव गाडलं गेलं. शिवाय आधीच सहा तास चाललेल्या पायांना अंधारात आणखी चार-पाच तास कशाला?

मुलांसाठी पाकाया ज्वालामुखी (२,५५२ मीटर) बरा. अर्ध्या दिवसाचं काम आहे, वाटेवर घोडेही मिळतात. आग्वा चढायचा विचार सोडा, त्या वाटेवर लुटालुटीचे प्रकार झालेत.

प्रेषक: सं. कु.

जेवणाचं थोडक्यात. 'सिन कार्ने' (मांसाशिवाय) एवढंच म्हणालात तर ताटात कोंबडी येते, कारण कार्ने म्हणजे त्यांच्या लेखी बहुधा गाय-डुकराचं मांस. म्हणायचं असं: 'सिन कार्ने, सिन पोयो, सिन मान्तेका'. पोयो म्हणजे कोंबडी, मान्तेका म्हणजे डुकराची चरबी. काळ्या घेवड्याच्या परतलेल्या लगद्यात आणि तामालमध्ये (मक्याचं पीठ पानात गुंडाळून वाफवतात ते) चरबी सर्रास असते. भात कोंबडीच्या पाण्यात शिजवला का तेही विचारा: 'कॉन काल्दो दे पोयो?'

तोर्तिया निर्धास्त खा. मका चुन्याच्या पाण्यात उकळून, साल काढून दळतात, म्हणून नुसत्या मक्याच्या पिठाला नसतो तो चिकटपणा त्या पिठाला येतो. हातावर थापून तव्यावर, अगदी भाकरीसारखी. पेपियान हा भोपळ्याच्या बिया, तीळ आणि मिरच्या भाजून केलेला दाट रस्सा. भाज्यांचाही मिळतो, पण रस्सा कशात शिजलाय ते विचारायचंच. रेयेनितोस म्हणजे केळ्यात गोड घेवड्याचं पुरण भरून तळलेले. नळाचं पाणी दात घासायलाही नको.

कॉफीचे मळे बघाल तेव्हा वर बघा: सावलीला आपल्या कूर्गसारखेच सिल्व्हर ओक. तिथे त्याला ग्राविलेआ म्हणतात.

प्रेषक: रा. वि.

एक महत्त्वाचं राहिलं, भारतीय पासपोर्टवाल्या तिघांचं. त्यांचं तिकीट एल साल्व्हादोरमार्गे काढू नका. ऑक्टोबर २०२३ पासून सान साल्व्हादोर विमानतळावरून नुसतं पुढे जाणाऱ्या भारतीय पासपोर्टधारकांनाही कर धरून १,१३० डॉलरची फी लावली गेली. स्वस्त तिकीट तिथेच महाग पडतं. थेट विमान घ्या.

दुसरं, बी-टू व्हिसा मल्टिपल एन्ट्रीचा आणि परतीच्या तारखेला वैध हवा. मुदत संपलेल्या व्हिसावर कॅनडा-मेक्सिकोहून थोडक्या दिवसांत परत यायची सवलत ग्वातेमालाला लागू नाही. तिथल्या प्रवेशाचं त्यांच्या वकिलातीकडून ईमेलवर विचारून घ्या आणि उत्तर छापून बरोबर ठेवा. अडवतो तो बहुतेक इथला, अमेरिकेतलाच चेक-इन काउंटर.

डॉलरच्या नोटा कोऱ्या न्या. कोपरा फाटलेली किंवा शाईचा डाग असलेली नोट तिथे कुणी घेत नाही.