नववीच्या पोरांना हॉस्पिटल आतून दाखवा, पण फक्त डॉक्टर नको – पटतंय का?

कळवेकर
ठाणे महापालिका शाळा चालवते, कळव्याचं हॉस्पिटल चालवते आणि त्याला जोडून राजीव गांधी मेडिकल कॉलेज पण चालवते. मालक एकच. मग कळवा, मुंब्रा, दिव्याच्या पालिका शाळेतल्या नववीच्या पोरांना वर्षातून दोन-चार दिवस तिथे आतून का फिरवत नाहीत? ओपीडीच्या रांगेत ही पोरं आईबरोबर कितीदा उभी राहिलीत, पण खिडकीच्या पलीकडे काय चालतं ते कोणी दाखवलेलं नाही. एक्सरे कोण काढतं, डायलिसिसचं मशीन कोण लावतं, ऑपरेशन थिएटरात भूलवाल्या डॉक्टरशेजारी उभा असतो तो टेक्निशियन शिकला कुठे? पोरांना विचारा, हॉस्पिटल म्हणजे डॉक्टर, सिस्टर, वॉर्डबॉय, संपली यादी. आणि डॉक्टर म्हटलं की नीटची प्रवेश परीक्षा, नीट म्हटलं की लाखाचे क्लास, त्यामुळे दहावीला चांगले मार्क पडलेली पोरगी पण कॉमर्सला जाते कारण शेजारची ताई कॉमर्सला गेली होती. नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाचा बीपीएमटी नावाचा कोर्स आहे, हॉस्पिटलातल्या टेक्निशियनचा, तीन वर्षं आणि वर गव्हर्नमेंट नाही तर कुठल्यातरी हॉस्पिटलात एक वर्ष इंटर्नशिप, आमच्याकडे किती शिक्षकांना हे माहीत असेल? त्याला बारावीला बायो लागतं हे बारावी झाल्यावर कळून काय करायचं. म्हणून नववी म्हणतोय, कारण सायन्स की कॉमर्स हे अकरावीच्या ऑनलाइन फॉर्मला सायबर कॅफेत एका दुपारी ठरून जातं.

तुर्भे_स्टोअर
फोटो मस्त येतील. पोरांच्या अंगात पांढरे कोट, मध्ये नगरसेवक. पुढे काय? मराठी माध्यमातला पोरगा अकरावीला पहिल्या दिवशी फिजिक्स इंग्रजीत ऐकतो आणि दिवाळीपर्यंत कॉलेजला जायचं बंद करतो. म्हणे नीटचा पेपर मराठीत मिळतो. मिळतो ना, पण मधली दोन वर्षं सायन्स इंग्रजीत शिकल्यावर तो मराठी पेपर घेऊन करायचं काय? आधी इच्छा जागी करायची आणि मग अकरावीत वाऱ्यावर सोडायचं, त्यापेक्षा न दाखवलेलं बरं.

बायो_मास्तर_ऐरोली
"न दाखवलेलं बरं" हे नाही पटलं सर. नीटमध्ये १८० पैकी ९० प्रश्न बायोचे, ७२० पैकी ३६० मार्क. बायो एनसीईआरटीचं पुस्तक घासून घासून होतं, आमची पोरं तिथे कमी पडत नाहीत, फिजिक्सला मार खातात. आणि सगळ्यांना नीट लागतेच असं पण नाही, नर्सिंगला स्टेटची वेगळी सीईटी आहे. फिजिओथेरपीला मात्र नीटच, ते लक्षात ठेवा. राज्य सरकारची महाज्योती संस्था ओबीसी, व्हीजेएनटी, एसबीसीच्या पोरांना नीटचं फुकट ऑनलाइन कोचिंग देते, वर टॅब. त्याला नॉन क्रिमीलेअर लागतं, आणि तो दाखला काढायला पालक फॉर्मची तारीख आल्यावर तहसीलदार ऑफिसला पळतात. माहिती वेळेवर न मिळणं हाच अर्धा प्रॉब्लेम आहे.

दिघ्याचा_पोरगा
मला दोघांचंही नाही पटत. कळवेकर दादा, वाशी-नेरुळची पोरं एमबीबीएसची स्वप्नं बघणार आणि दिघा-रबाळ्याच्या पोरांना तुम्ही "हा बघ एक्सरे टेक्निशियन" म्हणून दाखवणार, हे ठरवलं कोणी? गरिबाला नववीतच छोटं स्वप्न द्यायचं, त्याला मार्गदर्शन म्हणायचं. तामिळनाडूने बघा, २०२० ला कायदा केला, सहावी ते बारावी सरकारी शाळेत शिकलेल्यांना मेडिकलच्या सरकारी कोट्यात साडेसात टक्के जागा. तसं मागा ना. आनंदीबाई जोशी आपल्या कल्याणच्याच, १८८६ ला अमेरिकेत डॉक्टर झाल्या, त्यांना कोणी म्हणालं नाही की बाई तू लॅबमध्ये जा.

कळवेकर
आनंदीबाईंना तर लोकांनी घरीच बस म्हणून सांगितलं होतं भावा. साडेसात टक्क्यांचं म्हणशील तर माझा पाठिंबा आहे, पण आपल्याकडे पालिकेच्या बऱ्याच शाळा आठवीला नाही तर दहावीला संपतात. बारावी पोरं प्रायव्हेट नाहीतर अनुदानित ज्युनिअर कॉलेजात करतात. तामिळनाडूची व्याख्या जशीच्या तशी लावली तर आपलं जवळपास एकही पोर त्यात बसणार नाही, आधी व्याख्या बदलून मागावी लागेल. आणि मी डॉक्टर दाखवू नका म्हटलंच नाही, *फक्त* डॉक्टर नको म्हटलं. शीर्षक परत वाच.

नेरुळची_आई
हे सगळ्याच मुलांना का नको? माझा मुलगा पण नववीत आहे.

दिघ्याचा_पोरगा
ताई, तुमच्या ओळखीत एक तरी डॉक्टर असेल ना, ज्याला रविवारी फोन करून विचारता येतं? आमच्या गल्लीत नाही. एवढाच फरक.

नेरुळची_आई
आहेत, दीर डॉक्टर आहेत. मुद्दा कळला. पण मुलींच्या पालकांना एक सांगा, २०२४ पासून ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, ओबीसी, एसईबीसी मुलींची व्यावसायिक कोर्सची ट्यूशन फी आणि परीक्षा फी माफ आहे. आमच्याकडे कामाला येतात त्या मावशींना हे माहीतच नव्हतं, मुलगी बारावीला आहे त्यांची.

निवृत्त_सिस्टर
तीस वर्षं वॉर्डात काढली म्हणून बोलते. नर्सिंगचे कोर्स बघा, जीएनएम तीन वर्षांचं आहे, एएनएम दोन. कुठेही पैसे भरायच्या आधी कॉलेजला नर्सिंग कौन्सिलची मान्यता आहे का ते बघा. दुकानाच्या वर दोन खोल्या घेऊन "सहा महिन्यांत नर्सिंग, नोकरीची हमी" अशा पाट्या लावणारे ठाण्यापासून पनवेलपर्यंत आहेत. गरिबाचं पोर तिथेच फसतं, कारण तोच बोर्ड स्टेशनच्या बाहेर दिसतो. सहलीत हे पण शिकवा, फक्त मशीन दाखवू नका.

डायलिसिस_नाइटशिफ्ट
मी डायलिसिस टेक्निशियनचंच काम करतो, नाव-गाव सोडा. काम चांगलं आहे, पेशंट वर्षानुवर्षं तोच येतो, घरातल्यासारखा होतो. पण नोकरी कंत्राटी, ठेकेदार बदलला की पगार लांबतो, आणि पर्मनंटची जाहिरात कधी निघेल ते देवाला माहीत. पोरांना हे पण सांगा, नाहीतर पाच वर्षांनी शिव्या देतील. तरी मी कळवेकरांच्या बाजूने आहे. मला नववीत कोणी लॅब दाखवली असती तर सांगतो काय आवडलं असतं – एका माणसाचं रक्त तीन बल्बमध्ये, म्हणजे टोपणाच्या छोट्या नळ्यांत, का भरतात. जांभळ्या टोपणाचा सीबीसीला, म्हणजे रक्तपेशी मोजायला, कारण त्यात रक्त गोठू नये म्हणून ईडीटीए असतं, लाल टोपणाचा सिरमला, म्हणजे रक्त गोठल्यावर वर उरणाऱ्या पाण्यासारख्या भागाला, करड्याचा शुगरला कारण त्यातल्या फ्लोराइडमुळे पेशी साखर खात नाहीत. नववीच्या पोराला हे समजतं, आणि हे एकदा समजलं की तो घरी जाऊन आईचा रिपोर्ट काढून वाचतो. भाषणं नको, हे करा. आणि वॉर्डात नेऊ नका, इन्फेक्शनचा प्रश्न आहे, शिवाय पेशंट म्हणजे प्रदर्शन नाही. लॅब, एक्सरे, ब्लड बँक, औषधांचा स्टोअर पुरे. ओपीडी संपल्यावर दुपारी न्या, सकाळी कोणाला मान वर करायला वेळ नसतो.

बायो_मास्तर_ऐरोली
बल्बचं उद्याच वर्गात घेतो 👍

दिघ्याचा_पोरगा
मुंब्र्याच्या उर्दू शाळा धरल्यात का यात?

कळवेकर
धरायच्या काय, त्या पण पालिकेच्याच आहेत. उर्दू, हिंदी सगळ्या.

तुर्भे_स्टोअर
बल्ब बघून पोरगा सायन्सला जाईल, मान्य. अकरावीतल्या फिजिक्सचं काय, यावर कोणी काही बोललं नाही अजून. शाळेच्याच वर्गात संध्याकाळी अकरावीवाल्यांना कोणी शिकवणार असेल तर मी रोज पंखे-लाइटचं बघतो, इलेक्ट्रिशियन आहे. त्याशिवाय मी सहलीच्या विरोधातच.