मदत हवी आहे: गवतासारखं पान, पिवळं फूल, नाव आणि मूळ स्थान आजच पाहिजे

वहीवाली_आई: लेकीला वनस्पतींची वही उद्या द्यायची आहे, एकच रोप राहिलंय. पान अगदी गवतासारखं, फूल पिवळं, दरवर्षी त्याच जागी उगवतं म्हणे. मोबाइलचं अ‍ॅप दर वेळी नवीन नाव सांगतंय. लवकर सांगा प्लीज.

घाटवाटा: फोटो? पाकळ्या किती? सापडलं कुठं?

वहीवाली_आई: फोटो चढत नाहीये. पाकळ्या सहा.

गच्चीतली_बाग: रेन लिली. डोळे झाकून लिहा. मूळ अमेरिका खंड. माझ्याकडे पिवळी, गुलाबी, पांढरी तिन्ही आहेत. विश्रामबागला या, कांदे फुकट देतो.

घाटवाटा: डोळे उघडे ठेवा हो जरा. ताई, कुंडीतलं की रानातलं?

वहीवाली_आई: रानातलंच की! शिराळ्याच्या वर डोंगराच्या उताराला. पोरीनं मुळासकट उपटलंय.

घाटवाटा: हे आधी सांगायचं ना! लिलीचं फूल पोकळ दांड्यावर वर येतं, पान गुळगुळीत असतं. तुमचं फूल मातीला टेकलेलं आहे का? पानाला उभ्या घड्या? खाली कांदा की मुळी?

दादासो_सातारा: कासला जावा सप्टेंबरात, सगळी फुलं एका जागी. बुकिंग ऑनलाइन करा, शनिवार-रविवार टाळा.

वहीवाली_आई: दादा, वही उद्या द्यायचीय, सप्टेंबर कुठलं काढताय! फूल मातीलाच चिकटलेलं. घड्या आहेत, नारळाच्या कोवळ्या रोपाला असतात तशा. मुळी जाड, बाहेरून काळी.

घाटवाटा: काळी मुसळी. कुर्कुलिगो ऑर्किऑइडीस. पाला वाळून जातो, मुळी जमिनीत जिवंत राहते, पाऊस पडला की परत फुटते. बीजकोश मातीखालीच असतो, म्हणून फूल जमिनीतून आल्यासारखं दिसतं. पानाचं टोक मातीला टेकलं तर तिथंही मुळं धरतं. मूळ स्थान भारतीय उपखंड, आग्नेय आशिया, चीन, जपानपर्यंत.

गच्चीतली_बाग: पिवळी लिलीसुद्धा बागेबाहेर पसरते. मुळी नीट बघितली का?

घाटवाटा: पसरू दे. तिला काळी मुळी कुठून येणार?

शेतीत_नवीन: मुसळीला भाव चांगला आहे असं ऐकलं. एक एकर लावावी का? पाणी कमी आहे.

घाटवाटा: तुम्ही म्हणताय ती सफेद मुसळी, पांढऱ्या फुलांची, कूळसुद्धा वेगळं. वेगळा धागा काढा. काळी रानातून खणून नेतात, म्हणूनच विरळ झालीय.

वहीवाली_आई: मूळ स्थानाला वहीत एकच ओळ आहे. 'भारत ते जपान' चालेल?

घाटवाटा: चालेल. आग्नेय आशिया मधे आलाच. मुळी मात्र वहीत चिकटवू नका, कुंडीत लावा.