गावात पूर येतो तेव्हा जबाबदारी कोणाची?

प्रश्न : शापोराकाठ
गोव्याच्या डिचोली तालुक्यात शापोरा नदीलगत आमचे गाव आहे. आषाढात संततधार लागली की खालच्या वाड्यात पाणी शिरते. व्हाळ (ओढा) गाळाने भरला आहे, रस्त्याखालची मोरी अपुरी पडते आणि वरच्या बाजूच्या सखल शेतात भराव घातला गेला आहे. तक्रार केली की प्रत्येक कार्यालय दुसऱ्याकडे बोट दाखवते. कायद्याने ही कामे कशी वाटून दिली आहेत, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर : माजी पंच
आपत्ती व्यवस्थापन कायदा, 2005 च्या कलम 25 नुसार जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात आणि सहअध्यक्ष स्थानिक संस्थेचा निवडून आलेला प्रतिनिधी असतो. धोक्याच्या जागा निश्चित करणे, जिल्ह्याची योजना आखणे आणि खात्यांना तसेच पंचायतींना निर्देश देणे हे त्या प्राधिकरणाचे काम. कलम 41 मात्र थेट पंचायत आणि पालिकेला बांधते : कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण देणे, साधने सज्ज ठेवणे, आपल्या हद्दीतील बांधकामे ठरलेल्या निकषांनुसार होतात हे पाहणे आणि मदतकार्य करणे. त्यामुळे पुराशी आमचा संबंध नाही, असे पंचायतीला म्हणता येत नाही.

आपल्या तिन्ही तक्रारींची दारे वेगळी आहेत. गावातील गटारे पावसाआधी उपसणे पंचायतीकडे येते, नदी आणि तिचे बांध जलस्रोत खात्याकडे, तर मोरी ज्याचा रस्ता त्याची. भरावासाठी नगर नियोजन कायद्याचे कलम 17-अ पाहावे. मुख्य नगर नियोजकांच्या लेखी पूर्वपरवानगीशिवाय सखल जमीन बुजवता येत नाही. मला हीच तक्रार सर्वांत गंभीर वाटते, कारण गाळ दरवर्षी काढता येतो, पण बुजवलेले शेत पुन्हा पाणी सामावून घेत नाही आणि ते पाणी शेजारच्या वाड्यात जाते.

उत्तर : पेडण्याहून
आमच्याकडे तिळारी धरणाचाही विचार करावा लागतो. धरण महाराष्ट्रातील दोडामार्ग तालुक्यात, प्रकल्प महाराष्ट्र आणि गोव्याचा संयुक्त, आणि सोडलेले पाणी उतरते शापोरेत. विसर्गावर पंचायतीचा अधिकार नाही. पण धरणावरून निघालेली सूचना दोन्हीकडच्या प्रशासनातून मामलेदारांपर्यंत आली, तरी रात्री शेवटच्या घराचे दार ठोठावणारा माणूस गावातलाच असणार. तो कोण, हे जूनपूर्वी ठरलेले असावे.

उत्तर : तिसवाडीचा शेतकरी
खाजनात, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या सखल शेतजमिनीत, हिशेब आणखी वेगळा आहे. बांध आणि मानस (भरती-ओहोटीचे पाणी अडवणारे-सोडणारे दार) यांची रोजची देखभाल कूळ संघटनेने करायची असते, मोठ्या दुरुस्तीला कृषी खात्याचे साहाय्य मिळते आणि जमीन अनेक ठिकाणी कोमुनिदादीची (गावाची सामायिक जमीन सांभाळणाऱ्या जुन्या संस्थेची) असते. मानशीची दारे कुजली की भरतीचे खारे पाणी शेतात येते आणि पावसाचे पाणी ओहोटीलाही नीट उतरत नाही.

शापोराकाठ
सर्वांचे आभार. रस्ता कोणाच्या ताब्यात आहे, याची चौकशी करतो. भरावाचा सर्व्हे क्रमांक माझ्याकडे आहे. अर्ज पंचायतीला द्यावा की नगर नियोजन खात्याला?

माजी पंच
दोघांनाही द्यावा, प्रत जिल्हाधिकाऱ्यांना पाठवावी आणि प्रत्येक ठिकाणी पोच घ्यावी.