उ: वर्कफ्लोजमधून फंक्शनला कॉल केला की ४०३

तुम्ही विचारलंय की गूगल क्लाउडच्या वर्कफ्लोजमधून (कामांची साखळी आपोआप चालवणारी सेवा) आपल्या फंक्शनला (बोलावलं की चालणारा छोटा कोड) कॉल केला की ४०३, म्हणजे 'परवानगी नाही' ही चूक, का येते. फंक्शन सगळ्यांना उघडं केल्यावर चालतं आणि 'फक्त अधिकृत' केलं की ४०३ येतं, म्हणजे कोड ठीक आहे, ओळख पटवण्यात गडबड आहे. वर कुणीतरी 'ऑलयूजर्स'ला (म्हणजे जगातल्या कुणालाही) इन्व्होकर (फंक्शन चालवायची परवानगी असलेला) करून टाका म्हटलंय. कृपा करून नको. पत्ता हाती लागला की कुणीही ते फंक्शन चालवेल आणि बिल तुमच्या नावावर फाटेल.

आधी ऑथचा, म्हणजे ओळख पटवण्याचा, प्रकार बघा. गूगल क्लाउड वर्कफ्लोजमध्ये ओऑथ२ हा प्रकार गूगलच्या स्वतःच्या एपीआयसाठी (प्रोग्रॅमनी वापरायच्या सेवांसाठी) असतो, म्हणजे ज्यांचा पत्ता गूगलएपीआयज डॉट कॉमवर आहे. आपण लिहिलेल्या फंक्शनला किंवा क्लाउड रनला (आपला कोड चालवणारी गूगलची सेवा) ओआयडीसी (कॉल कोण करतंय हे सांगणारं ओळखपत्र पाठवणारा प्रकार) लागतो. तो लिहिलाच नाही तर विनंती बिनओळखीची जाते.

मग परवानगी. इथेच बहुतेक जण अडकतात. फंक्शन दुसऱ्या पिढीचं असेल तर ते आतून क्लाउड रनच असतं, त्यामुळे 'क्लाउड रन इन्व्होकर' ही भूमिका द्यावी लागते; 'क्लाउड फंक्शन्स इन्व्होकर' पहिल्या पिढीसाठी. ती वर्कफ्लोच्या सर्व्हिस अकाउंटला (माणसाचं नव्हे, प्रोग्रॅमचं खातं) द्या, तुमच्या स्वतःच्या खात्याला नव्हे. अकाउंट निवडलं नसेल तर कॉम्प्युट इंजिनचं डिफॉल्ट वापरलं जातं, आणि बऱ्याच जुन्या प्रोजेक्टांत त्याला एडिटरचे, म्हणजे प्रोजेक्टातलं बरंच काही बदलायचे, अधिकार असतात. वेगळं अकाउंट काढा, फक्त त्या एका फंक्शनपुरता हक्क द्या.

पत्त्यापुढे पाथ जोडला असेल तर ऑडियन्स (ओळखपत्र कुणासाठी आहे ते सांगणारी नोंद) वेगळा लिहून त्यात सेवेचा मूळ पत्ताच टाका. नाहीतर ऑडियन्स म्हणून पाथसकट अख्खा यूआरएलच धरला जातो.